मी, दारापर्यंतची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. जुनी म्हणजे किती, ते मला विचारू नका. आमच्या रुग्णालयात वय विचारायचं काम नोंदणीच्या खिडकीतल्या बाईंचं. पण माझ्या बैठकीचं रेक्झिन तीनदा फाटलं आणि तिन्ही वेळा जखमेच्या चिकटपट्टीनेच जोडलं गेलं. डावा पाय टेकायची पट्टी बँडेजने बांधलेली आहे. पेशंट कोण आणि खुर्ची कोण, असा प्रश्न नवीन माणसाला पडावा, अशी माझी अवस्था.

कारखान्यात आम्ही बारा बहिणी एकाच दिवशी तयार झालो. नळ्या वाकवल्या, चकाकी चढवली, चाकं बसवली, आणि मग एका वजनदार मुकादमांना आमच्यावर एकेक करून बसवून परीक्षा घेतली. जी कुरकुरेल ती नापास. मी गप्प राहिले आणि पास झाले. तेवढा एक गुण घेऊन मी जगात आले. त्याला गुण म्हणायचं की खोड, ते तुम्हीच ठरवा.

सुरुवातीची वर्षं मजेची होती. मी पुढच्या दालनात उभी असे. नव्या आया बाळाला छातीशी धरून माझ्यात बसत, प्लास्टरवाली मुलं मला मोटार समजून तोंडाने भोंगा वाजवत. "लोण्यासारखी चालते हो," असं म्हणत वॉर्डातले मामा माझ्या मुठींवरून हात फिरवत. मामा म्हणजे पेशंटना इकडून तिकडे नेणारे आमचे सगळ्यात जुने कर्मचारी. पुढे माझ्या दोन बहिणींना लोकांनी "उद्या आणून देतो" म्हणून घरी नेलं, आणि तो उद्या काही उजाडला नाही. तेव्हा साहेबांनी आम्हा उरलेल्यांच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने लिहवून घेतलं : ‘फक्त दारापर्यंत’. शिक्षा पळून गेलेल्यांना नाही, राहिलेल्यांना झाली. घरोघरी असंच असतं म्हणा.

मग नव्या खुर्च्या आल्या. माझं पुढचं उजवं चाक वाकडं जायला लागलं. सरळ ढकललं तरी मी भिंतीकडे वळायची. "ही बया नेहमी माहेरी निघाल्यासारखी," असं म्हणून मामा मला ओढून रस्त्यावर आणायचे. मला सिस्टरच्या टेबलाशेजारी कोपऱ्यात ठेवलं. कुणाची पिशवी, कुणाचा स्वेटर माझ्यावर पडून असे. नवी खुर्ची मोकळी नसली की माझी आठवण व्हायची.

तर त्या दिवसाची गोष्ट.

आमच्या वॉर्डात एक आजोबा तेवीस दिवस होते. त्यांनी जन्मभर नळ दुरुस्त केले होते, म्हणून सगळे त्यांना नळवाले आजोबा म्हणत. आजार हाडांत उतरला होता. त्या सकाळी डॉक्टर त्यांच्या सूनबाईंना टेबलापाशी घेऊन आले आणि हळू आवाजात म्हणाले, "आता घरीच बरं वाटेल त्यांना."

"किती दिवस, डॉक्टर?"

"ते नका विचारू. आजच न्या. आणि झोपवून न्या. पाठीचा मणका दबलाय, अर्ध्या तासाच्या वर बसवू नका."

आजोबांचा मुलगा बोटीवर नोकरीला, समुद्रात कुठेतरी. घरी आजी. आजींचे गुडघे गेलेले, त्या जिना उतरू शकत नव्हत्या, म्हणून तेवीस दिवसांत दोघांची भेट नव्हती. घर दोन जिने वर. खालच्या मजल्यावर शेजारी म्हणून दोन भाऊ राहत. ते आजोबांना उचलून वर नेणार होते. पण सहाला त्यांची कामाची बस खाली लागायची, आणि मग ते रात्रपाळीला. म्हणजे सहाच्या आत पोचलं तर आजोबा आजींजवळ. नाहीतर जिन्याखाली. एवढा साधा हिशेब होता.

सिस्टरच्या टेबलावरच्या फोनला घसा बसल्याचा आजार आहे. कानाला लावला तर खरखर, म्हणून सगळे तो मोठ्या आवाजावर टाकूनच बोलतात. सूनबाईंनी त्यावरून गाड्यांच्या ऑफिसात फोन लावला. तिथल्या कारकुनांना एका दिवसात साठ फोन येतात. ते वाक्यं पूर्ण करत नाहीत.

"कुठे न्यायचा पेशंट?"

सूनबाईंनी पत्ता सांगितला.

"तातडी?"

सूनबाईंनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर औषधांच्या पुड्या बांधत होत्या. "नाही म्हणा," त्या म्हणाल्या. "तातडी म्हटलंत तर त्यांना परत इथेच आणतील."

"तातडी नाही. घरीच न्यायचंय."

"दोनची गाडी आहे. पेशंट... चालेल?"

"चालेल, चालेल. दोन म्हणजे अगदीच चालेल. तीनपर्यंत पोचू आम्ही."

"लिहून घेतलं," असं म्हणून कारकुनांनी फोन ठेवला.

मित्रांनो, आपल्या भाषेत ‘चालेल’ हा किती गुणी शब्द आहे. चहा चालेल, पाणी चालेल, थोडं शिळं असलं तरी चालेल. पाय नसलेल्या वस्तूसुद्धा चालतात. पण गाड्यांच्या ऑफिसात या शब्दाला दोन पाय आहेत. तिथे तीन प्रकारच्या गाड्या असतात : चालणाऱ्यांची, बसणाऱ्यांची आणि झोपवून न्यायच्यांची. कारकुनांनी विचारलं, पेशंट चालेल का. सूनबाईंनी ऐकलं, वेळ चालेल का. मी तिथेच, दोन हातांच्या अंतरावर उभी. मला कळलं. इतकी वर्षं मी ते फोन ऐकतेय. पण कुरकुरायची नाही या अटीवर पास झालेली मी, सांगणार कशी?

दीडला कागदांवर सह्या झाल्या. पाव तासात पलंगाची चादर बदलून त्यावर दुसरे पेशंट झोपले. ट्रॉली एक्स-रेला गेली होती, नव्या खुर्च्या कुणीकुणी नेलेल्या. "पाच मिनिटांचंच तर काम," असं म्हणून मामांनी आजोबांना माझ्यात बसवलं, पाठीला दोन उशा लावल्या आणि भिंतीला दोनदा धडकत मी त्यांना दाराशी आणलं.

गाडी अगदी वेळेवर आली. छोटी, चार दारांची मोटार. ड्रायव्हर भला माणूस होता. उतरून पुढचं दार उघडलं, सीट हाताने झटकली. "या आजोबा. खिडकीशी बसा."

सूनबाई गाडीकडे बघतच राहिल्या. "अहो, यात ते झोपणार कसे?"

"झोपणार?" ड्रायव्हरने खिशातला कागद काढला. "माझ्याकडे लिहिलंय, ‘चालतो’."

"मी कुठे म्हटलं चालतो? मी म्हटलं चालेल."

मग सूनबाईंनी तोंडावर हात ठेवला.

आजोबा म्हणाले, "बसतो की मी. चाळीस वर्षं लोकांच्या मोऱ्यांखाली शिरून कामं केली. ही तर सीट आहे."

मामांनी आणि ड्रायव्हरने त्यांना उचललं. एक पाय आत गेला, पाठ वाकली, आणि आजोबांच्या तोंडून जो आवाज आला, तो मी पुन्हा सांगणार नाही. त्यांना परत माझ्यात ठेवलं. ड्रायव्हर दार धरून उभा होता. "नेलं असतं हो ताई. पण पाऊण तासाची वाट. मध्येच काही झालं तर मी एकटा काय करू?" त्याचं खरं होतं. त्या दुपारी सगळ्यांचंच खरं होतं.

सूनबाई धावत फोनकडे गेल्या. झोपवून न्यायची गाडी एकच, आणि ती पाचनंतर. लाल दिव्याची गाडी मागितली, तर ती जीव वाचवायला असते, घरी जायला नाही. पलंग मागितला, तर सिस्टरनी वहीच समोर धरली. "यात आजोबा दीड वाजताच घरी गेलेत. काय करू सांगा मी?" त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. थोड्या वेळाने त्या स्वतःच एक ट्रॉली ओढत घेऊन आल्या. आजोबा त्यावर चाळीस मिनिटं आडवे झाले. मग अपघाताचा पेशंट आला, ट्रॉली गेली, आजोबा पुन्हा माझ्यात.

मी काय करू शकत होते? माझी बैठक खड्ड्यासारखी झालेली. मी जरा सपाट असते, जरा मऊ असते, माझी पाठ मागे झुकत असती, तर. हे ‘तर’ मी त्या दुपारी किती वेळा म्हटलं, ते माझं मला माहीत.

आजोबा मात्र डोळे मिटून कुठली तरी टपटप ऐकत होते. "सूनबाई, त्या पाण्याच्या टाकीचं वायसर गेलंय. सांग त्यांना."

"अण्णा, आत्ता कुठे वायसर?"

"मग कधी?" असं म्हणून ते थोडं हसले. मग खाली वाकता येत नव्हतं तरी मान तिरकी करून माझ्या चाकाकडे पाहिलं. "मामा, हे चाक वाकडं नाहीये. आसाला केस गुंडाळलेत. कात्री आणा."

मामा गुडघ्यांवर बसले आणि कात्रीने कापत गेले. केस निघाले, दोरे निघाले, कापसाचा बोळा निघाला. किती जणांचं काय काय मी बरोबर घेऊन फिरत होते. मामांनी मला हळूच ढकललं, आणि मी सरळ गेले. "आयला," मामा म्हणाले, "मी इतकी वर्षं हिलाच शिव्या घालतोय."

आजोबांनी माझ्या हातावर दोन बोटं आपटली. दुरुस्त झालेल्या नळावर आपटतात ना, तशी.

चारला आजींचा फोन आला. सूनबाईंनी मोबाइल आजोबांच्या कानाशी धरला, पण आजी ऐकू कमी येणाऱ्यांसारख्या मोठ्याने बोलत होत्या.

"अहो, निघालात का?"

"निघतोय."

"दुपारपासून निघताय. खाट खिडकीला लावलीय. मी वरच्या पायरीवर स्टूल टाकून बसलेय, इथून रस्ता दिसतो."

"आत बस. वारं लागेल."

"लागू दे. तुम्ही या."

सूनबाईंनी फोन काढून घेतला आणि बाजूला जाऊन खालच्या भावांना लावला. "भाऊजी, दहा मिनिटं इकडेतिकडे झाली तर थांबाल ना?" तिकडचं मला ऐकू आलं नाही. सूनबाई एवढंच म्हणाल्या, "हो, बस कुणासाठी थांबत नाही, ते कळतं मला."

पाच वाजून पंचवीस मिनिटांनी गाडी आली. लांब, आत सपाट गादी, बरोबर दोन माणसं. त्यांना काम येत होतं. चादर खाली सरकवली, चार टोकं धरली, एक, दोन, तीन. आजोबा माझ्यावरून उठले, आणि माझी बैठक इतकी हलकी झाली की मला स्वतःचीच लाज वाटली.

"वरपर्यंत न्याल ना?" सूनबाईंनी विचारलं. "दोनच जिने आहेत."

त्यातला मोठा म्हणाला, "ताई, आमचं काम दारापर्यंत. जिना चढवायचा हुकूम नाही आम्हाला." त्याने खाली बघत ते सांगितलं. त्याच्या पाठीवर काही लिहिलेलं नव्हतं, एवढाच आमच्यात फरक.

गाडीचं दार लागलं. पाऊण तासाची वाट. मला घड्याळ येतं. सिस्टरच्या टेबलासमोरच ते आहे. पाच पंचवीसमध्ये पाऊण तास मिळवला की सहा वाजून दहा मिनिटं होतात. मी तो हिशेब रात्रभर वेगवेगळ्या बाजूंनी केला. दर वेळी तेच उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरचा स्वतःचा मोबाइल वाजला. त्यांनी नाव बघितलं आणि पटकन कानाला लावला.

"हं, बोला सूनबाई." मग बराच वेळ काही नाही. "हं." पुन्हा काही नाही. "हो का." मग, "बरं केलंत फोन केलात. ठेवते."

त्यांनी मोबाइल खिशात टाकला, थोडा वेळ टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या, आणि पुढच्या पेशंटची फाइल उघडली. मामांची त्या दिवशी सुट्टी होती. नाहीतर त्यांनी विचारलं असतं. दोन दिवसांनी मामा आले तेव्हा सिस्टरची बदली खालच्या मजल्यावर झाली होती.

तेव्हापासून मी तो ‘हो का’ तपासत बसले आहे. आनंदाची बातमी ऐकूनही माणसं ‘हो का’ म्हणतात. वाईट ऐकूनही म्हणतात. सिस्टरचा आवाज तर रोज पंधरा तऱ्हेचं ऐकून सपाट झालेला.

मित्रांनो, माझं रेक्झिन शिवा, मला तेल घाला, असं मी तुम्हाला सांगणार नाही. मी सध्या सरळ चालते. पण तुमच्या घरचं कुणी रुग्णालयातून घरी निघालं आणि तुम्ही फोनपाशी असलात, तर ‘चालेल’ म्हणण्याआधी विचारा, काय चालेल? बसता येत नसेल तर ‘बसता येत नाही’ असं सांगा. ‘झोपवून न्यायचंय’ असं सांगा. जिने किती, वर कोण नेणार, तेही सांगा. आणि समोरच्याला म्हणा, काय लिहिलंत ते वाचून दाखवा. तो वैतागेल. वैतागू दे.

आणि दोन जिने वर, खाली दोन भाऊ, असं घर तुमच्यापैकी कुणाच्या रस्त्यावर असेल, तर मला एवढंच सांगा. त्या संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, जिन्यापाशी कुणी थांबलं होतं का?