घंटागाडीचा यमन

चौकातून भोंग्याचा आवाज यायला लागला तसा रामाजी सरांनी चहाचा कप अर्धाच ठेवला आणि लगबगीनं परसात जाऊन मोटर सुरू केली. टाकी काठोकाठ भरलेली होती. पाणी वरून सांडलं आणि सीताफळाच्या झाडाखाली वाहायला लागलं. वाहू दे! मोटरीच्या घरघरीत ती सतारीची गत ऐकू येत नसे, सरांना तेवढं पुरे होतं. गाडी गल्ली ओलांडून गेली असा अंदाज आला की मग ते बटण बंद करत आणि गार झालेला चहा प्यायला आत येत.

गत त्यांचीच होती. यमनमधली, तीनतालातली. सतारही त्यांची आणि बोटंही त्यांचीच. पण रोज सकाळी ती वाजत यायची नगरपंचायतीच्या घंटागाडीवरून, आणि तिच्या पाठोपाठ गल्लीभर बायका ओल्या-सुक्या बादल्या घेऊन दारात यायच्या. संध्याकाळचा राग तो सकाळी वाजवायचा, आणि तोही कशासाठी, तर कांद्याच्या साली नि वांग्याची देठं टाकायला!

घरात ते आणि गिरजाबाई दोघंच. मुलगी रिना लग्न होऊन नागपूरला. मुलगा राजदीप घुग्घुसला खाणीत नोकरीला होता. दोन वर्षांमागं पाळी संपवून येताना ट्रकनं त्याच्या मोटरसायकलीला उडवलं, तो जागीच गेला. त्यानंतर गिरजाबाईंनी उंबरठा ओलांडणं सोडलं. बाजार नाही, बुद्धविहार नाही, कुणाच्या लग्नाला जाणं नाही. पोराचं नाव त्या तोंडातून काढत नसत, आणि त्या काढत नाहीत म्हणून सरही काढत नसत. रिना फोनवर म्हणायची, "बाबा, आईले जरा बाहेर काढा ना." सर हो हो म्हणायचे. कसं काढायचं ते काही त्यांना उमगत नव्हतं.

गाडीवर गत चढवण्याचा उद्योग अजय निकुरेचा. अजय सरांचा शाळेतला विद्यार्थी, आता नगरपंचायतीत सफाईचं काम बघायचा. लहानपणी सरांनी त्याला सतार शिकवायला घेतली होती. बोटं सोलून निघाली तसा तो पळाला. भक्ती मात्र शाबूत राहिली. फार पूर्वी बुद्धजयंतीला सरांनी वाजवलेली ही गत त्यानं मोबाईलमध्ये जपून ठेवली होती. गाडीवरच्या जुन्या गाण्याला लोक विटले होते, इतके की पोरं भोंग्यावर ढेकळं मारायची. अजयनं ते गाणं काढलं आणि सरांची गत चढवली. विचारलं नाही. सरांना आनंदाचा धक्का द्यायचा होता म्हणे!

गत बघता बघता गावाची झाली. राइस मिलमधले हमाल पोतं पाठीवर घेताना तिची शीळ घालू लागले. पोरांनी तिच्यावर 'माय वं, बादली दे' असे शब्द बसवले. एका लग्नात बँडवाल्यानं ती उचलली, तर मांडवातल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसत म्हणाल्या, "चाल वं, कचरा आण." त्या मांडवात सर पहिल्या पंगतीला बसले होते. ते अर्ध्या पानावरूनच हात धुवायला उठले.

इतके राग, इतक्या गती, मग लोकांच्या ओठांवर नेमकी एखादीच का बसते, या विषयावर सर पूर्वी तासन् तास बोलायचे. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. सोपी असते म्हणून. लोकांना चढण नको असते, उतार पाहिजे असतो. आता त्या हिशोबानं त्यांचीच गत हलकी ठरत होती, आणि हिशोब त्यांनीच मांडलेला, तक्रार करायची तरी कुणाकडं?

पण खरं दुखणं वेगळंच होतं. सरांचे वडील जन्मभर राइस मिलच्या आवारात झाडू मारत आले. दुसरं काम त्यांना कुणी दिलंच नाही. अंगभर कोंडा घेऊन ते घरी येत आणि आधी आंघोळ करत, मग पोराला जवळ घेत. रामाजीनं सतार धरली ती त्या झाडूपासून जितकं लांब जाता येईल तितकं जावं म्हणून. दर रविवारी आपल्या सावली गावाहून मूल स्टेशनपर्यंत सायकल, तिथून पॅसेंजरनं चांद्याला, सतारीच्या गुरुजींकडं. गुरुजींनी आधी नुसते स्वरांचे पलटे घासून घेतले, बोटांना घट्टे पडले, तेव्हा कुठं ही गत दिली. वडिलांनी ती ऐकली होती दाराशी उभं राहून, टोपी काढून. आणि एवढी सगळी पायपीट करून ती गत पोचली कुठं, तर कचऱ्याच्या गाडीवर.

शेवटी एके दिवशी सर कार्यालयात गेले.

"जय भीम, सर! या ना, बसा. चहा सांगतो."

"जय भीम. चहा नको. ते काढ."

"काय काढू सर?"

"गाडीवरची गत."

अजयचा चेहरा एवढासा झाला. "काऊन सर? अख्खं गाव ऐकून राह्यलं. माझी माय तं गाडी गेल्यावर बी गुणगुणत राह्यते."

"माझ्या बापानं जन्मभर दुसऱ्याचा कचरा काढला, अजय. मी सतार घेऊन त्यातून बाहेर निघालो. तू मले उचलून परत गाडीवर बसवलं."

 टेबलावरचा पेन अजयनं उगाच उचलला आणि ठेवला.

"मले तसं नाई वाटलं सर. मले वाटलं, आपल्या सरायचं वाजवणं सगळ्यायनं ऐकावं."

"माहीत हाय मले. म्हणून तं ओरडून नाई राह्यलो."

दोन दिवसांत गत गेली. तिच्या जागी एका बाईचा खणखणीत आवाज आला, ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा, मध्ये मध्ये ढोलकी. सरांनी मोटर लावली नाही. ओसरीत बसून पूर्ण कप गरम चहा प्यायले. कितीतरी दिवसांनी त्यांना मोकळं वाटलं. संध्याकाळी सतार काढून त्यांनी ती गत दार लावून मन भरेस्तोवर वाजवली. गिरजाबाई आतल्या खोलीत होत्या. 

आठवडा गेला नसेल, स्वयंपाकघरात वास यायला लागला. आता पुरुषमाणूस, भरलेली बादली रिकामी कशी होते हा प्रश्न सरांना जन्मात कधी पडला नव्हता. तो त्या दिवशी पडला.

"गिरजा, बादली भरली ना वं."

"हो." गिरजाबाई सुपातले तांदूळ निवडत होत्या.

"गाडी येत नाई काय?"

"येत असंल."

एवढंच. मान वर झाली नाही. सरांच्या आता लक्षात आलं की गेले काही दिवस भाजीत मीठ कमी-जास्त होत होतं, आणि दुपारी जेवण झालं की गिरजाबाई भिंतीकडं तोंड करून पडून राहत होत्या. राजदीप गेल्यानंतरच्या पहिल्या महिन्यांसारखं. मध्ये हे थांबलं होतं की काय? थांबलं असलं तर कधी, ते त्यांना आठवेना.

उलगडा केला शेजारच्या रंभानं. परसाच्या कुंपणावरून तिनं वालाच्या शेंगांची ओंजळ पुढं केली आणि विचारलं, "सर, बाई बिमार हायेत काय?"

"नाई. काऊन?"

"दारात येत नाईत आता. ते गाणं बदललं तवापासून."

"दारात कवा येत होती ती?"

रंभा त्यांच्याकडं बघतच राहिली. "अगा बाई! रोज येत होत्या ना सर. तुमी कुठी राह्यत होते?"

सर काय सांगणार? मोटरीपाशी.

"पहिल्या दिवशी ते वाजलं," रंभा सांगू लागली, "अन् बाई बिना चपलीच्या बाहेर आल्या. हातात बादली बी नाई. म्हणाल्या, हे तं आमच्या घरचं हाय. आमाले वाटलं, आता रडते का काय. नाई रडल्या. दुसऱ्या दिवशी बादली घेऊन आल्या. मंग रोजच. गाडी निघून जाये, पन आमी चौघी-पाच जणी तिथीच उभ्या. बाई राजदीपच्या गोष्टी सांगे. शाळेतल्या, तळ्यावरच्या. एकदा लय रडल्या, पलीकडच्या सोमारीनं धरलं त्यायले. मंग हासत बी होत्या."

सरांच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या.

"मंग आता येत काऊन नाई?" त्यांनी विचारलं. 

"बाई आता काय ऐकून येतील सर? हे नवीन वाजते ते कोनाचं बी हाय."

रंभा गेली. सर टाकीच्या कट्ट्यावर बसले. दोन वर्षं या घरात पोराचं नाव निघालं नाही म्हणून ते मनातल्या मनात झुरत होते, आणि ते नाव तर रोज सकाळी निघत होतं, त्यांच्याच फाटकाशी. ते मोटर लावून बसले होते. 

त्याच दुपारी ते पुन्हा अजयपुढं जाऊन उभे राहिले.

"परत लाव," ते म्हणाले.

अजय खुर्चीतून उठला. "सर, आता वरून हुकूम आला. सगळ्या गाड्यायवर एकच लावा म्हणते. मी खटपट करतो, पन टाईम लागंल." मग जरा अडखळत म्हणाला, "काई झालं काय सर?"

"काई नाई. तुह्या मायले सांग, तिचा कान चांगला हाय."

दुसऱ्या दिवशी थंडी कडक होती. गाडी यायच्या आधीच सर सतार घेऊन बाहेर पडले. फाटकाजवळच्या ओट्यावर चटई टाकली, मांडी घातली, तारा लावायला लागले. गारठ्यानं तारा उतरल्या होत्या, खुंट्या सरकत होत्या. दूधवाल्यानं सायकलवरून मान वळवून वळवून पाहिलं. उघड्यावर, रस्त्याच्या कडेला, सकाळच्या पारी यमन! गुरुजींनी पाहिलं असतं तर कान उपटला असता. सरांनी मिजराब, ती तारेची नखी, बोटात चढवली आणि गत सुरू केली.

पहिलं दार रंभाचं उघडलं. मग समोरचं. मग सोमारीचं. एकेक बाई बादली घेऊन बाहेर आली आणि रस्ता वर-खाली बघायला लागली.

"गाडी कुठी हाय वं?"

"अगा, सर वाजवून राह्यले!"

हशा पिकला. सरांनी मान खालीच ठेवली. कान मात्र पाठीमागं होते, घराच्या दाराकडं. स्थायी झाली, अंतरा झाला, तिहाई घेऊन ते समेवर आले. घरातून चाहूल नाही. बोटं थंडीनं ठेचाळत होती. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं.

मग दाराची कडी वाजली.

गिरजाबाई बादली घेऊन फाटकाशी आल्या. सरांकडं त्यांनी एकदाच पाहिलं.

"शाल नाई घेतली," त्या म्हणाल्या.

गाडी आली. ड्रायव्हर इसरूनं ओट्यावर सर बसलेले पाहिले आणि भोंगा बंद केला. बादल्या रिकाम्या झाल्या, गाडी पुढं गेली, पुढच्या वळणावर ती ढोलकी परत सुरू झाली. बायका मात्र हलल्या नाहीत. आणि मग त्या बोलायला लागल्या, सतार वाजत असताना! मैफिलीत कुणी नुसतं खाकरलं तरी हात थांबवून त्या माणसाकडं रोखून बघणारे सर. आज त्यांनी हात थांबवला नाही.

"पोट्टा अस्साच बसे यायच्यापाशी," गिरजाबाई सांगत होत्या. "सतारीच्या भोपळ्याले कान लावून. मले म्हणे, आई, याच्या आत कोनीतरी राह्यते."

बायका हसल्या. गिरजाबाईही हसल्या.

"यायनं हाकललं एक दिवस त्याले. तारा हालते म्हणून. खूप रडला राजदीप."

 हे सरांना आठवत होतं. फक्त आपल्यालाच आठवतं, असं ते समजत होते.

"मंग?" सोमारीनं विचारलं.

आता अंतरा घ्यायला हवा होता. पण अंतऱ्यात सूर तार सप्तकात जातात, आवाज चढतो, बोलणं बुडून जातं. सरांनी मिजराबीचा जोर कमी केला आणि स्थायीच परत घेतली, हळू, बायकांच्या बोलण्याखालून चालत राहील एवढीच.

"मंग काय," गिरजाबाईंनी बादली खाली ठेवली, "दुसऱ्या दिवशी परत जाऊन बसला. असा का तसा होता तो?"

आणि त्या पुढं सांगू लागल्या. सर तीच ओळ परत परत वाजवत राहिले.