बजेटमध्ये बसणारं

सौमित्रचं बजेट दुकानाच्या मागच्या भिंतीत होतं. तीन फूट रुंद, चार फूट खोल, आणि बाहेरून कडी. बजेट लहान आहे हे त्याला घरून निघतानाच ठाऊक होतं. बजेटला कडीही असते हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

"गेमिंगसाठी ना?" पेडणेकरबाईंनी विचारलं. दुकान त्यांचंच. शिंप्यासारखी टेप गळ्यात होती. "काय काय हवं ते सांगा. बजेटमध्ये बसलं की तुमचं."

सौमित्रला कॉम्प्युटर हवा होता तो बहिणीपायी. केतकी रांचीला असते. बाबा गेल्यापासून फोनवरचं बोलणं 'जेवलास का' आणि 'जेवलो' यांच्यापुढे सरकत नाही. पण शनिवारी गेममध्ये, समोरून गोळ्या येत असताना, ती त्याला सगळं सांगायची. महिन्यापूर्वी त्याचा जुना कॉम्प्युटर बसला तो बसलाच. काल तिचा मेसेज आला: 'उद्या सहापर्यंत आलास तर ठीक. नाहीतर मीही खेळणं बंद करते.'

आधी प्रोसेसर आत गेला. दिसायला बिस्किटाएवढा, पण तो आत जाऊन बसला आणि बजेट वीतभर आखडलं. बाईंनी टेप लावून पाहिली.

"हा एकटा बसत नाही," त्या म्हणाल्या. "ह्याला मदरबोर्ड लागतो."

मदरबोर्ड आत जाऊन बसला आणि त्याने पॉवर सप्लायला हाक मारली. पॉवर सप्लायने येताना दोन रॅम आणल्या. लग्नाच्या पंगतीत शिरावं तशी मंडळी शिरत होती. सौमित्रने घरी चार रात्री खपून यादी केली होती; तिच्यात ह्यांची नावं होती, पण हे असं वागतील असं काही लिहिलेलं नव्हतं.

"मॅडम, प्रोसेसर जरा हलका घेतला तर?"

"मग बोर्ड उठेल. बोर्ड उठला की सगळेच उठतात."

"रॅम एकच ठेवली तर?"

"ठेवा की. दुसरी रडेल."

आतून खरंच हुंदका आला. सौमित्रने घाईघाईने दोन्ही ठेवल्या. तो पार गोंधळून गेला होता.

राहिलं ग्राफिक्स कार्ड. काउंटरवर ते वीतभर होतं, दारापाशी नेईपर्यंत हातभर झालं. त्याने आडवं घालून पाहिलं, उभं घालून पाहिलं. साडेपाच वाजून गेले होते.

"काय काढू?" त्याने विचारलं.

"तुम्हाला ज्याची गरज नाही ते."

आतलं काहीच काढण्यासारखं नव्हतं, म्हणून त्याने पायातले बूट काढून दिले. बजेट दोन बोटं सैल झालं. मग त्याने पट्टा दिला, घड्याळ दिलं, शेवटी चष्माही दिला. कार्ड कण्हत आत सरकलं आणि बसलं. सौमित्रचा जीव भांड्यात पडला.

"चला, सगळं बसलं," बाई म्हणाल्या. "आता तुम्ही."

"मी?"

"मग खेळणार कोण?"

"माझी खुर्ची घरी आहे, मॅडम."

"घर बजेटमध्ये नाही."

हे त्याला पटलं, आणि पटल्याचंच नवल वाटलं. तो वाकून आत शिरला. गुडघे हनुवटीला टेकले, कार्ड मांडीवर आलं. त्याचे पंखे पोटाला गार लागत होते. बाईंनी खांद्याने दार रेटलं आणि कडी घातली. आतल्या मंडळींनी एकदम श्वास घेतला आणि कुठेतरी एक हिरवा दिवा लागला.

डावीकडच्या भिंतीवर कुणीतरी बोटाने टकटक केली.

"दादा," पलीकडून केतकी म्हणाली. "मला इथे पाय हलवता येत नाहीये. तुझ्याकडे थोडी जागा आहे का?"

सौमित्रने आजूबाजूला पाहिलं. जागा नव्हती.

"आहे," तो म्हणाला, आणि मधली भिंत त्याच्या बाजूला सरकू लागली.