डावीकडचा जॅक

फेररचना हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. दोन टॅक्सी कंपन्या एक झाल्या आणि आमच्या नामपल्लीच्या वर्कशॉपात रोज कुणाची तरी गच्छंती होऊ लागली. नवे मॅनेजर प्रतापराव नुसतं निमित्त शोधत होते. ते ड्रायव्हर सूर्यभानने त्यांना आयतं दिलं.

दिलं म्हणजे काय, बिचाऱ्याच्या विजेच्या गाडीचं पुढचं डावं चाक कोठीच्या चौकात आडवं पडलं. चाकाला खालून धरणारा दांडा, म्हणजे लोअर आर्म, त्याच्या टोकाचा बॉल जॉइंट निसटला होता. गाडी हळू होती म्हणून कुणाला लागलं नाही. महिन्यातली ही तिसरी गाडी.

"खड्ड्यात दामटून घातली," प्रतापरावांनी निकाल दिला. "उद्या दुपारी कागद मिळेल, घरी जा."

"कसम से साहेब, बीसच्या वर नव्हती," सूर्यभान म्हणत राहिला. घरात कमावता तो एकटा.

मी तिथला फोरमन, तीस वर्षांचा मेकॅनिक. मीही साहेबांच्या बाजूने मान हलवली. ड्रायव्हर म्हटला की खड्डा आलाच, असं माझं ठाम मत.

पंचफुलाला ते पटलं नाही. परभणीकडच्या घरातली ही पोरगी आयटीआय करून दोन वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली आलेली. "काका, तिन्ही गाड्यांचं डावंच चाक कसं?"

"खड्डे डाव्या कडेलाच असतात," मी खेकसलो.

"हौ. तरी बघते एकदा."

आणि तिने काय बघितलं! उभ्या असलेल्या अकराच्या अकरा गाड्यांखाली शिरली, टॉर्च दातांत धरून. जेवायला ये म्हणून मी दोनदा ओरडलो, तर "नक्को काका" एवढंच. बॉल जॉइंटवर एक रबरी टोपी असते, आतलं ग्रीस टिकावं आणि पाणी-धूळ आत जाऊ नये म्हणून. नऊ गाड्यांची डावी टोपी फाटलेली निघाली. उजवी एकही नाही.

चारच्या सुमाराला तिने मला गाडीखाली बोलावलं. फाटक्या टोपीशेजारी दांड्यावर खाचा पडल्या होत्या. तिने जॅकच्या माथ्यावरची दातेरी वाटी तिथे टेकवली. वाटीचे दाते खाचांत बरोबर बसले.

दर महिन्याला गाडी खालून तपासायला पुढची एक बाजू उचलली की भागतं. आमच्याकडे गाडीच्या उजवीकडे भिंत, म्हणून जॅक कायम डावीकडून. पेट्रोलच्या गाड्या मी जन्मभर त्या दांड्याखालीच जॅक लावून उचलल्या आणि सगळ्यांना तेच शिकवलं. ह्या गाड्या बॅटरीमुळे जड, टोपी चिरडायचीच, आणि ग्रीस गेलं की जॉइंट झिजून निसटणारच. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात जॅकची जागा वेगळी दाखवली होती. मी पुस्तक उघडलंच नव्हतं.

"कुणाला सांगितलंस?"

"पहिलं तुम्हालाच. काम तुमच्याकडून शिकले ना." तिने जॅक बाजूला सारला. "पण काका, उद्या दुपारी सूर्यभानभाऊ जाणार. दहापर्यंत तुम्ही साहेबांशी बोला. नाही बोललात तर मी बोलणार."

आवाज चढवला नाही, नजरही खाली घातली नाही. तिच्या वयात माझ्या उस्तादापुढे माझी जीभ उचलली नसती. मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त अभिमान वाटला.

सकाळी साडेनऊला प्रतापरावांपुढे उभा राहून सगळं सांगितलं. त्या नऊ गाड्या दुरुस्तीशिवाय बाहेर काढू नका, असंही बजावलं.

"म्हणजे चूक वर्कशॉपची?"

"माझी, साहेब. बाकीच्यांनी मी सांगितलं तसं केलं. आणि शोधलं पंचफुलाने, तेही लिहा."

फोरमनकी तिथल्या तिथे गेली. सूर्यभानचा कागद प्रतापरावांनी माझ्यासमोर फाडला.

दाराबाहेर सूर्यभानने माझे दोन्ही हात घट्ट धरले. डोळे भरलेले. "काका, तुम्ही माझी भाकरी वाचवली."

मी हात सोडवून घेतले. "तुझी भाकरी मीच काढून घेत होतो," मी म्हणालो. "वाचवली तिने."