भिंतीपासून बोटभर

मित्रांनो, मी एक जुनी पाचर आहे. भूर्जाच्या लाकडाची, तुमच्या बोटाएवढी लांब, एकीकडे जाड, दुसरीकडे निमुळती. मला बघून कुणी 'वा!' म्हणावं असं माझ्यात काहीसुद्धा नाही. काम झालं की मला उपसून काढतात, आणि मी असते तिथं मागे रिकामी फट उरते. ती फट राखायची, एवढ्याचसाठी माझा जन्म.

नॉर्वेतल्या एका पावसाळी गावात, खाडीच्या काठाला, ऑडव्हार मिस्त्रींनी मला आणि माझ्या बहिणींना एका उरलेल्या तुकड्यातून चाकूनं तासलं. तेव्हा ते ऐन उमेदीत होते. घरांच्या जमिनी घालायच्या तर ऑडव्हारनीच, असं लोक म्हणत. पाइनच्या लांबलचक फळ्या. प्रत्येकीच्या एका कडेला जीभ, दुसऱ्या कडेला खाच. पहिली फळी भिंतीशी ठेवायची, खाच भिंतीकडे, जीभ खोलीकडे. जिभेत तिरका खिळा मारायचा. मग दुसरीची खाच त्या जिभेवर चढवायची आणि ठोकळा लावून हातोडीनं सारायची, की खिळा कायमचा झाकला गेला. अशी खोलीभर. जमीन पुरी झाली की एक खिळा दिसेल तर शपथ!

पण सगळ्यात आधी आम्ही. भिंत आणि पहिली फळी यांच्यामध्ये आम्हाला ओळीनं खोचायचं, म्हणजे बोटभर फट राहते. आमच्याकडे आभाळ गळायला लागलं की थांबत नाही, आणि लाकूड ओल पिऊन फुगतं. मिस्त्री म्हणायचे, "त्याला पाय पसरायला जागा द्या, नाहीतर ते पोट वर काढतं." शेवटी आम्हाला काढून फटीवर पट्टी ठोकली की झालं. लोक गुळगुळीत फळ्यांवरून हात फिरवून वाहवा करत. फटीची वाहवा कोण करतंय? मिस्त्री मात्र आम्हाला पुसून, मोजून पिशवीत ठेवत. तेवढं मला पुरायचं.

त्यांची मुलगी आस्लाउग हाताशी आली तेव्हापासून आमची पिशवी तिच्या एप्रनच्या खिशात असे. मिस्त्री गुडघ्यांवर बसलेले, नजर फळीवर. मागे न बघता ते नुसता हात मागे करत, आणि ती त्या हातावर पाचर ठेवी. बोलणं नाही, मागणं नाही. किती वर्षं चाललं ते! त्या हातावर टेकताना मला फार ऐट वाटायची, खोटं कशाला सांगू?

मग मिस्त्री थकले. नुसते थकले नाहीत, विसरायला लागले. कॉफीत मीठ घातलं आणि मुकाट्यानं पिऊन टाकली. शेजाऱ्याच्याच घरात शिरून चूल पेटवायला बसले. गावाला दिसत होतं. आस्लाउगला तर सगळ्यात आधी दिसलं. पण कोणी चकार शब्द काढला नाही. आमच्याकडची माणसं भारी सभ्य. समोरच्याच्या नाकाला काजळी लागली असली तरी हवापाण्यावरच बोलतील.

त्या उन्हाळ्यात गावच्या सभाघराची जमीन बदलायची ठरली. आमच्यात असं काम निघालं की दुग्नाद होतं, म्हणजे घरटी एक माणूस आपापला हातोडा घेऊन येतो आणि सगळे मिळून काम उरकतात. हुकूम नाही, मजुरी नाही. आणि एक न लिहिलेली रीत: आपण होऊन राबायला आलेल्याच्या कामाला तिथं कुणी नाव ठेवायचं नाही. सभाघराचा कारभार बघणाऱ्या बोर्गहिल्दबाईंनी मोठ्या मनानं सांगितलं, "पहिली फळी ऑडव्हार मिस्त्रींच्याच हातची. दुसऱ्या कुणाला मी भिंतीशी बसूच द्यायची नाही!"

मिस्त्री हरखले. चांगला सदरा घालून आले. गुडघ्यांवर बसले, पहिली फळी उचलली आणि थेट भिंतीला टेकवली. अगदी चिकटवून. हात मागे केलाच नाही!

आस्लाउगचा हात खिशात गेला. तिनं मलाच उचललं. मी तिच्या मुठीत, आणि मूठ घामानं ओली. "बाबा," ती म्हणाली.

"काय गं?"

पलीकडे फळ्या कापत बसलेल्या श्टायनारनं मान वर केली. तो गावाचा थट्टेखोर. "काय आस्लाउग, बापाला धडे देतेस की काय? अगं, तू रांगत होतीस ती जमीनही त्यानंच घातलेली!"

सगळे हसले. मिस्त्रीही हसले, खूश होऊन. तिनं त्या हसऱ्या तोंडाकडे बघितलं आणि मला परत खिशात टाकलं. "काही नाही बाबा, खिळे हवेत का विचारत होते," म्हणाली.

मित्रांनो, त्या खिशात मला जी शरम वाटली ती सांगता येत नाही. माझं तोंड लाकडाचं. पण तिथं वीस-एक हाडामांसाची तोंडं होती. श्टायनारनं भिंतीकडे बघितलं होतं. बोर्गहिल्दबाईंनी बघितलं होतं. मग दोघांनीही खायला ठेवलेल्या वॅफलवर जॅम लावायला घेतला. संध्याकाळी दुसऱ्या भिंतीशीही शेवटची फळी ठोकून ठोकून बसवली, वर पट्ट्या मारल्या, आणि टाळ्या वाजल्या. "जमीन म्हणजे अगदी आरसा!" बोर्गहिल्दबाई म्हणाल्या. मिस्त्रींनी टोपी काढून मान लववली. मी डोळे मिटून घेतले असते, पण मला डोळेच नाहीत.

शरद आला आणि पाऊस लागला. सभाघर बंद, चूल थंड. मेंढ्या डोंगरावरून खाली आल्या की आमच्यात नाच असतो, त्या दिवशी माणसं नाचाचे बूट पिशवीत घेऊन आली. बोर्गहिल्दबाईंनी दार ढकललं. दार उघडेना. श्टायनारनं खांदा लावला तेव्हा कुठं करकरत उघडलं. जमीन मधोमध वर आली होती, पालथ्या होडीसारखी. दोनतीन फळ्यांच्या जिभा मोडून बाहेर डोकावत होत्या.

सगळी मंडळी ओले बूट काढून मोज्यांवर उंबऱ्यात उभी. मिस्त्रीही उभे.

"यंदा पाऊसच फार झाला बाई," बोर्गहिल्दबाई म्हणाल्या.

"लाकूडच ओलं आलं होतं," श्टायनार म्हणाला. "लाकूड कापणाऱ्या गिरणीवाल्याला मी सांगणारच होतो."

मिस्त्री भिंतीशी जाऊन बसले, पटाशीनं पट्टी उचकटली आणि बोट घालून बघितलं. बोट जाईना. नखही जाईना. बराच वेळ ते तिथंच चाचपत राहिले. मग म्हणाले, "आस्लाउग, पाचरी आण."

तिनं गाडीतून पिशवी आणली. त्यांनी मला बाहेर काढून उजेडात धरलं. माझ्या अंगावर ना नवा चुरा, ना हातोडीचा नवा वळ.

"या तुझ्याजवळ होत्या त्या दिवशी?"

"हो बाबा."

"आणि तुला दिसलं होतं?"

"हो." तिचे डोळे भरले. "लोकांपुढं तुमची शोभा नको म्हणून..."

त्यांनी वळून उंबऱ्याकडे बघितलं. "आणि तुम्हाला?"

कुणी मोज्यांकडे बघत होतं, कुणी पिशवीच्या बंदाशी चाळा करत होतं.

"म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं," मिस्त्री हळू म्हणाले. "मी एकटाच खुळा. टाळ्या वाजवल्यात, मी टोपी काढली... कशाबद्दल वाजवल्यात रे त्या?" त्यांनी मला उंबऱ्याकडे रोखलं. "मी विसरतो, मला कळतं. आज काय विसरलो तेवढं कळत नाही. ते तुम्ही सांगायचं ना!"

इतकी माणसं आणि कुणाला मान वर करवेना. मेलं तरी चालेल असं झालं मला.

शेवटी श्टायनार पुढं आला. टोपी हातात. "चुकलं मिस्त्री. मी बघून न बघितल्यासारखं केलं. वर तिचंही तोंड बंद केलं." त्यानं गाडीतून करवत आणली.

नाच राहिला. चूल पेटवली आणि दोन्हीकडच्या भिंतींशी फळ्यांची कड चिरून काढली. जमीन कण्हली, थोडी खाली बसली. पुरती सपाट व्हायला थंडी सरावी लागली. मग मोडक्या आणि कड चिरलेल्या फळ्या काढून भिंतीशी नवी फळी घालायची वेळ आली, तेव्हा मिस्त्री भिंतीकडे पाठ करून बाकावर बसले. "तूच घाल," मुलीला म्हणाले. "माझं झालं आता."

"ते चालायचं नाही," आस्लाउग म्हणाली. "उठा बाबा."

ते उठले. गुडघ्यांवर बसले. हात मागे केला, तिनं पाचर दिली. पुन्हा केला, पुन्हा दिली. मग हात मागे आलाच नाही. ते थेट फळी उचलायला लागले. खिडकीखालचा कोपरा राहिला होता. बोर्गहिल्दबाईंच्या हातातली किटली तशीच राहिली.

"बाबा!" आस्लाउग मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "चुकताय तुम्ही. कोपऱ्यात पाचर राहिली."

मिस्त्रींनी फळी खाली ठेवली. मान लाल झाली. मागे न बघता त्यांनी हात मागे केला, आणि तिनं त्या हातावर मला ठेवलं. मिस्त्रींनी मूठ मिटली ती मला आणि तिच्या बोटांना धरूनच.

आता मिस्त्री नाहीत. पिशवी आस्लाउगच्या घरी खिळ्याला टांगलेली असते, आणि तिच्या गाडीच्या चाकाखाली घालायला नाहीतर फाटक अडकवायला मधूनमधून माझीच कुणी बहीण नेतात. चालायचंच. पण मित्रांनो, तुम्ही त्या सभाघरात कधी नाचलात तर भिंतीकडेच्या पट्टीवर बोट टेकवून बघा, तिच्याखाली फट आहे. फट जपा, तिच्यात कचरा कोंबू नका. आणि आपलं माणूस चुकताना दिसलं, तर जॅम लावत बसू नका. त्याचा हात मागे येईल याची वाट बघू नका. पाचर तुमच्या मुठीत असते, ती द्या.