फ्यूजच्या जागी तार

चूक वसंत वकिलांची होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडे बोट दाखवायला नको. मी फ्यूज बॉक्स बोलतोय. काळ्या प्लास्टिकचा, हाताच्या पंजाएवढा, पोटात बारा घरं आणि घराघरांत एकेक रंगीत फ्यूज. मोठ्यांबद्दल मान राखून बोलावं म्हणतात. राखला असता. पण माझी चार घरं वितळलीत, तेव्हा तेवढं सोडून द्या.

माझा जन्म पुण्याकडच्या एका कारखान्यातला. एका छोट्या टेम्पोसाठी मला घडवलं होतं. कंपनीनं तो टेम्पो मधेच बंद केला. म्हणजे मी शिकून तयार आणि नोकरीच गायब. मग भंगारवाले, घाऊकवाले करत करत अकोल्यात योगेश इलेक्ट्रिशियनच्या दुकानात फळीवर येऊन पडलो. वर्षभर तिथंच. शेजारी हेडलाइटच्या जुन्या काचा आणि एक कॅलेंडर, तेही मागच्या वर्षीचं.

तिथं एक दिवस पुष्कर आला. अमरावतीचा, वसंत वकिलांचा मुलगा. त्यानं इंजिनिअरिंगची अडीच वर्षं काढली आणि एका सकाळी परीक्षेला न जाता घरी बसून पोहे खाल्ले. तेव्हापासून घरात त्याच्याशी सगळे हळू आवाजात बोलायचे, जसं आजारी माणसाशी बोलतात. तो आजारी नव्हता. त्याला वर्गात झोप यायची आणि गाडीखाली यायची नाही, एवढंच.

"फियाटले लावाले फ्यूज बॉक्स पायजे," तो म्हणाला.

योगेशनं मला खाली काढून फुंकर मारली. "जुन्या फियाटले चार-दोन फ्यूज रायतात भाऊ. हा बारा घरांचा घेऊन काय करतं?"

"बाकीच्याईले पण घर पायजे ना यार."

मला तो तिथंच आवडला.

ती फियाट वसंत वकिलांनी लग्नाआधी घेतलेली, तीही कुणाकडून तरी वापरलेली. तिच्यातून ते मोर्शीच्या कोर्टात जायचे. त्या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनाला चिकटून बसलेला. मे महिन्यात इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि गाडी रस्त्यात उभी. वकिलांचा उपाय ठरलेला: पंपावर ओलं फडकं. कोर्टात साहेब दिसले नाहीत की पक्षकार समजून जायचे, साहेब कुठंतरी झाडाखाली फडकं पिळून राहिले असतील. पंचवीस वर्षं त्यांनी फडकी पिळली, पण पंप बदलला नाही. याला ते अनुभव म्हणतात.

मग गाडी घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली आणि एकोणीस वर्षं तिथंच राहिली. पुष्करनं बॉनेट उघडलं तेव्हा वायरिंगची कापडी आवरणं उंदरांनी खाल्लेली होती. सगळ्या तारांचा रंग एकच, धुळीचा. कुठली तार कुणाची, हे त्या तारांनाही आठवत नव्हतं.

चार महिने काम चाललं. त्याच्याइतकं काम करणारा माणूस मी पाहिला नाही, आणि घरातला प्रत्येक जण म्हणत होता की पोरगा रिकामा आहे. त्यानं टाकी उतरवली, आत बारीक गिट्टी टाकली आणि आईला हाताशी घेऊन ती पाळण्यासारखी हलवली. आतून वाटीभर गंज निघाला. कुंदाताई म्हणाल्या, "तुला झोपवताना एवढं हलवलं नव्हतं रे मी." जुने रबरी पाइप त्यानं सगळे फेकले, कारण आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते जुन्या रबराला खातं. टाकीजवळ, मागं, गार जागेत विजेवर चालणारा नवा पंप बसवला. कार्बोरेटर उघडून त्याचं एकेक छिद्र साफ केलं. आणि मग नवी वायरिंग. पंपाला लाल, दिव्यांना पिवळी, हॉर्नला हिरवी. प्रत्येक तारेवर कागदाची चिठ्ठी. सगळ्या तारा डॅशबोर्डखाली माझ्याकडे आणल्या.

माझं काम सोपं आहे. कुठं तार उघडी पडून पत्र्याला लागली, वीज जास्त धावली, की त्या घरातला फ्यूज मी उडू देतो. एक फ्यूज मरतो, गाडी वाचते. यात कुणाचा अपमान नसतो. पण ज्यांच्या घरात आपल्यापुढं कुणी "थांबा" म्हटलेलं चालत नाही, त्यांना हे कळायला जड जातं.

वकिलांच्या घरच्या मीटरपाशी एक जुना चिनी मातीचा फ्यूज आहे. त्यात त्यांनी तांब्याची जाड तार टाकलीय. आल्यागेल्याला सांगतात, "चाळीस वर्षांत आमच्याकडे फ्यूज उडाला नाही." समोरचे कौतुकानं मान हलवतात. उडणार कसा? तिथं फ्यूजच नाही.

गाडी सुरू झाली तेव्हा बापलेकांत करार झाला. म्हणजे वकिलांनी सांगितला आणि पुष्करनं ऐकला. अकोल्यात खुशालराव राहतात, वकिलांचे जुने पक्षकार. शेती हिवरखेडला, बिऱ्हाड अकोल्यात, आणि अंगणात बंद पडलेली एक जुनी जीप. ती जीप त्यांना दुरुस्त करून हवी होती.

"खुशालरावांच्या दारात ही गाडी स्वतःच्या चाकांवर नेऊन उभी कर," वकील म्हणाले. "त्यांनी जीप तुझ्या हातात दिली, तर शेड तुझी. टाक गॅरेज. नाही जमलं, तर जुलैत कॉलेजला परत. मग तोंड वर करायचं नाही."

"चालेल," पुष्कर म्हणाला. त्या रात्री त्यानं शेडच्या भिंतीवर खडूनं पाने-पकडी टांगायच्या खिळ्यांच्या जागा आखल्या.

निघायच्या दिवशी सकाळी तो आंघोळीला गेला आणि वकील शेडमध्ये आले. हातात त्यांचा जुना तीन सुरांचा हॉर्न. पुष्करनं बसवलेला हॉर्न त्यांना चिमणीसारखा वाटायचा. पक्षकाराच्या दारात चिमणी घेऊन जायचं? त्यांनी लाल तार पकडली. का, तर लाल ठळक दिसली म्हणून. तिचं आवरण दातानं सोललं, हॉर्नची तार पिळली आणि वरून जखमेला लावायची चिकटपट्टी गुंडाळली. बटण आपण बसणार त्या बाजूला, डॅशबोर्डच्या कप्प्याखाली. दाबून पाहिलं. एवढा मोठा हॉर्न पंपाच्या फ्यूजवर! मी फ्यूज उडवला. तेच माझं काम.

वकिलांनी माझं झाकण उघडलं, मेलेला फ्यूज काढला, दोन्ही बाजूंनी पाहिला. "हलका माल," म्हणाले. आणि त्याच्या जागी तांब्याची तार दुमडून ठोसली. हॉर्न वाजला. उडालेला फ्यूज त्यांनी कोटाच्या खिशात टाकला आणि झाकण लावून टाकलं. मुलाला सांगावं, असं त्यांच्या मनात आलंच नाही.

बडनेऱ्यापर्यंत गाडी अशी पळाली की मी बाकी सगळं विसरलो. ऊन तापलेलं, पण पंप मागं गार बसून पेट्रोल ढकलत होता. पुष्कर गाणं गुणगुणत होता, तेही बेसूर. पुढं रस्त्यात म्हशी आल्या आणि वकिलांनी बटण दाबलं.

पुष्कर दचकला. "हे काय होतं?"

"माझा हॉर्न. सकाळी जोडला."

"कुठं जोडला बाबा?"

"तारेला."

"कोणत्या?"

"अरे तार म्हणजे तार! तुझ्या जन्माआधीपासून मी हॉर्न जोडून राहिलो."

पुष्करनं गाडी तिथंच थांबवायला हवी होती. पण बापाच्या चेहऱ्यावर एवढी खुशी त्यानं दोन वर्षांत पाहिली नव्हती. तो म्हणाला, "ठीक आहे, अकोल्यात काढतो. तोवर दाबू नका. तसाही फ्यूज आहे, फार तर तो उडेल." म्हणजे त्यानं माझ्यावर भरवसा टाकला. आणि मी झाकणाखाली तोंडात तांबं धरून गप्प.

मूर्तिजापूर गेलं. बोरगाव मंजूच्या अलीकडे वकिलांनी एका ट्रकला बाजूला काढायला पुन्हा बटण दाबलं, नेमकी तेव्हाच गाडी खड्ड्यात आदळली. चिकटपट्टी सुटली, उघडी तार पत्र्याला लागली. फ्यूज असता तर डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळं थांबलं असतं. तांबं थांबलं नाही. लाल तार तापली, तिनं शेजारची पिवळी जाळली, पिवळीनं हिरवी. चिठ्ठ्या पेटल्या. माझी चार घरं मेणासारखी खाली ओघळली. पुष्करनं बॉनेट उघडून बॅटरीची तार हातानं उपटली म्हणून गाडी तरी उरली.

खुशालरावांच्या दारात फियाट पोचली, ट्रॅक्टरच्या मागं, दोरानं बांधून.

"काय वकीलसाहेब," खुशालराव ओट्यावरून हसले, "गाडी आनली का बैल आनला?"

"याची वायरिंग," वकील म्हणाले. "पोरांची नवी नवी हौस."

योगेशला बोलावलं. त्यानं माझं झाकण पकडीनं फोडून काढलं, आत पाहिलं आणि सगळ्यांसमोर ती काळी पडलेली तार वर धरली. "हे कोनं टाकलं बे? फ्यूजच्या जागी तार? एवढी चांगली वायरिंग करून असा येडेपना कोनी करते काय?"

पुष्करनं तारेकडे पाहिलं, मग बापाकडे. वकील समोरच्या भिंतीवरचं घड्याळ पाहत होते. ते काय वाजलंय ते पाहत नव्हते.

"मी टाकली," पुष्कर म्हणाला.

का म्हणाला? मला आजही राग येतो. ज्या माणसानं त्याला दोन वर्षं रिकामा ठरवलं, त्याची पक्षकारापुढं शोभा होऊ नये म्हणून? वकिलांनी एक शब्द बोलायचा होता. बोलले नाहीत. चहा आला, त्यांनी तो बशीत ओतून घेतला.

खुशालरावांनी अंगणातल्या जीपकडे पाहिलं. मग म्हणाले, "राग नको मानू भाऊ. पन माही जीप तुह्या हातात कशी देऊ, सांग बरं?"

"बरोबर आहे तुमचं," पुष्कर म्हणाला.

आता मी पुन्हा योगेशच्या फळीवर आहे. चार घरं मेलेली, आठ जिवंत. गिऱ्हाईक आलं की तो मला दाखवतो, "पाहा, तार टाकली का असं होते." पुष्कर एकदा येऊन गेला. मला हातात घेऊन पाहिलं, परत ठेवलं. योगेशनं विचारलं, "खरं सांग, तूच टाकली होती काय?" तो म्हणाला, "जाऊ दे ना."

वाचणाऱ्यांत कुणी मोठी माणसं असतील तर त्यांना एवढंच सांगतो: काही उडालं, बंद पडलं, कुणी नाही म्हटलं, तर आधी कारण शोधा. लगेच तार ठोसू नका. आणि ठोसलीच, तर निदान "मी ठोसली" म्हणा. दोन शब्द आहेत.

वकिलांचं काही गेलं नाही. पुष्करची जीप गेली, शेड गेली, आणि जुलैपासून तो परत कॉलेजात बसतो.