घरचा शब्द

"हुतूतूतूतूतू..."

तो आवाज जनूच्या कानात अजून आहे. पेणच्या खाडीकाठी मिठागराच्या बांधावरून त्याची अकरा वर्षांची लेक हौसा एका दमात पळत यायची, अनवाणी. मीठ ओढता ओढता जनू ऐकत राहायचा. तिसऱ्या वाफ्यापाशी आवाज तुटला की म्हणायचा, "परत जा गो. दम चोरतेस!"

पोरीच्या जातीला मैदान कशाला, असं गाव बोललं. जनू नाही बोलला. त्याने तिला खेळायची चड्डी शिवून आणली, रोज पेणच्या शाळेत पोचवलं. हा खेळ त्याला त्याच्या बापाने शिकवला होता, याच बांधावर, याच शब्दात.

मग एकदा शाळेतल्या खेळाच्या शिक्षिका श्यामलाबाई निऱ्या सावरत बांधावर आल्या. "जनूभाऊ, रोह्याला जिल्ह्याची निवड आहे. तिथं 'कबड्डी'च म्हणावं लागतं. घाईत हिच्या तोंडी हुतूतू येतं. महिनाभर घरचा शब्द बंद ठेवा, तिलाही बजावून सांगा."

"व्हय, बाई."

संध्याकाळी हौसा बांधावर उभी राहिली, छातीत खारा वारा भरून. जनूच्या ओठावर बापाचा शब्द आला, तो काही मागे फिरेना.

"म्हण गो," तो म्हणाला. "हुतूतू."

रोह्याला शेवटची चढाई हौसाची. दोघींना शिवून ती परत फिरली, तिसरीने पाय धरला. रेघ वीतभर लांब. तेवढ्या ओढाताणीत जिभेला घरचा शब्द सापडला. पंचांची शिट्टी वाजली. बाद. जिल्ह्याच्या यादीत तिचं नाव लागलं नाही.

एसटीत वडखळ आल्यावर ती म्हणाली, "माझीच जीभ फितूर झाली, आबा."

जनू तिकिटाची घडी घालत बसला.

त्यानंतर ती मैदानात उतरली नाही. लग्न होऊन गेली तीही रोह्यालाच.

तीस वर्षांनी तिची लेक शाळेच्या संघात आली. आज पेणला सामना, आणि हौसा शाळेच्या परवानगीच्या कागदावर सही करीना. हे कळलं तसा जनू गावाजवळच्या जिते स्टेशनावरून सकाळची गाडी धरून आला. आता दमा होता त्याला. ओटा चढताना दोनदा थांबला.

"सही कर ना गो, हौसा."

"नाय. माझ्याच पोटची हाय ती. ऐन वेळेला आमची जीभ उलटते. नवरा अजून भांडताना मला काय म्हणतो, ठाव हाय? 'आली बघा हुतूतू!' तिच्या नशिबी नको ते."

"तसं नाय गो..."

"मग कसं?"

जनूने चहाची बशी तोंडाला लावली. गाडीत बसल्यापासून घोळवलेलं वाक्य चहाबरोबर खाली गेलं. उंबऱ्यावर नात बुटाच्या नाड्या बांधून बसली होती, आजोबाच्या तोंडाकडे बघत.

रस्त्यावर शाळेचा टेम्पो आला. हॉर्न वाजला. परत वाजला. पोरींचा गलका वळणापर्यंत ऐकू आला, मग तोही गेला.

नातीने नाड्या सोडल्या. एक बूट काढला. दुसरा तसाच पायात ठेवून बसली.

जनूने बशी खाली ठेवली.

"हौसा," तो म्हणाला, श्वास तुटत तुटत, "तुझी जीभ फितूर नव्हती गो. बाई मला बांधावर येऊन सांगून गेल्या होत्या, घरचा शब्द बंद करा म्हणून. मीच तुला सांगितलं नाय."