आमच्या बाजूची भिंत

मी रंगारी. इमारतींच्या बाहेरच्या भिंती रंगवण्यात चाळीस वर्षं गेली. बायकोचा दमा वाढला तेव्हा मोकळी हवा मिळावी म्हणून तिची खाट रस्त्याकडच्या खिडकीशी मीच सरकवली. ती चूक होती का, एवढंच मला कळायला हवं होतं.

ती म्हणायची, "अहो, मला मागच्या खोलीत न्या ना. इथे धूर येतो." खिडकीची चौकट पुसलेलं काळं फडकं माझ्या नाकापुढे धरायची.

"अगं, वारा आपल्या छपरावरून समोर जातो. धूर समोरच्यांकडे जाणार. जरा अक्कल चालव."

"चालवली असती, पण तिलाही धाप लागलीय."

मागच्या खोलीत माझे रंगाचे डबे होते. खरं सांगायचं तर ते हलवायचा मला कंटाळा होता.

ती जाऊन चार महिने झाल्यावर हवा मोजणारी एक मुलगी आली. तिला आमच्या खिडकीवर यंत्र बसवायचं होतं. "काका, थोडा दोरा देता?" म्हणाली. बायकोच्या शिवणाच्या डब्यातलं लाल रीळ दिलं.

आधी तिने मला गच्चीवर नेलं. तिथे दोरा समोरच्या इमारतीकडे उडाला. "बघ, मी म्हणतच होतो," मी म्हणालो. मग खाली येऊन तिने तोच दोरा मला खिडकीबाहेर धरायला लावला. तो समोर गेलाच नाही. वर उचलला गेला आणि उलटा फिरून आमच्याच भिंतीला चिकटला.

"दोन्हीकडे उंच इमारती आणि मधे अरुंद रस्ता," ती म्हणाली. "वरचा वारा समोरच्या भिंतीवर आपटून खाली उतरतो, गाड्यांचा धूर घेतो आणि तुमच्या भिंतीवरून वर चढतो. तिथेच गोल फिरत राहतो."

मी समोर पाहिलं. दोन्ही इमारती मीच रंगवल्या होत्या, एकाच वर्षी, एकाच दुकानातल्या रंगाने. समोरची अजून पिवळी होती. आमची दोन वर्षांत काळवंडली, तेव्हा रंगात भेसळ आहे म्हणून मी दुकानदाराशी भांडलो होतो.

"म्हणजे माझ्यामुळे गेली?"

"काका, दमा जुना होता ना? एका दोऱ्यावरून असं नाही सांगता येत."

पोरगी चांगली होती. माझ्याकडे न बघता स्क्रू पिळत राहिली.

ती गेल्यावर मी खालच्या मजल्यावर गेलो. तिथल्या सुनेने तान्ह्या बाळाचा पाळणा रस्त्याकडच्या खिडकीशी बांधला होता.

"हा मागच्या खोलीत ने," मी म्हणालो.

"अहो काका, इथे कशी छान हवा येते."

"मीही तेच म्हणायचो."

पाळण्याचा झोका थांबवून ती म्हणाली, "पण मागे खोके रचलेत हो."

मी एकेक खोका उचलून बाहेर ठेवला. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.